भिंतीवरची लाकडी पट्टी



१९०५ साली मुंबईत वीज पुरवणारी ‘बेस्ट’ कंपनी उभी राहिली. घरे मात्र आधीचीच, चुन्याची नि मातीची. वायर न्यायची कुठून? त्या काळच्या मिस्त्रींनी भिंत फोडली नाही. कुठे चिनी मातीच्या पकडींमधून वायरी ताणल्या, कुठे दोन खाचांच्या लाकडी पट्टीत ठेवून वर झाकण बसवले. पुढे रबरी आवरणाची वायर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळू लागले. भिंतीला भोके पडत ती लाकडी ठोकळ्यांपुरतीच.

मग विटा-सिमेंटची घरे आली, प्लास्टिकचे पाइप आले आणि वायर दिसणे गावंढळ ठरले. (काळे गोल बटण मला अजूनही देखणे वाटते!)

आमच्या सासरच्या वाड्याची दुरुस्ती निघाली तेव्हा वायरमन म्हणाला, “झिऱ्या पाडू, काकू.” मी नाही म्हटले. मातीच्या भिंतीला आडवी झिरी मारली की वरचा भार पेलणारी जाडीच कमी होते. शिवाय त्या भेगांत मुंग्या, कोळी. छिन्नी चालवताना यत्नाचार कसा पाळायचा?

पण जुनी पट्टीही ठेवली नाही. रबर तडकले होते, पट्टीला वाळवी होती, अर्थिंगची तार तर नव्हतीच. तुळईलगत प्लास्टिकची केसिंग-केपिंग फिरवली, आधी मऊ कुंचल्याने जागा झाडून. अर्थिंगसाठी अंगणात वेगळा खड्डा घेतला, तोही पावसाळा संपल्यावर.