अंगठ्यामागे वाकणारी तर्जनी
* अंगठ्याचे आणि तर्जनीचे शेवटचे पेर वाकवणाऱ्या कंडरा सहसा स्वतंत्र असतात. काहींच्या मनगटाजवळ मात्र त्या जन्मतःच जोडलेल्या असतात. अंगठा तळव्याकडे दुमडला की तर्जनीचे टोकही वाकते. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी १९७९ मध्ये याचे वर्णन केले. हा आजार नव्हे, बहुतेकांना ते जाणवतही नाही. वादनात अडथळा येत असेल किंवा मनगट सतत दुखत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. मनगटाच्या वर छेद घेऊन, कंडरा शाबूत ठेवत, फक्त जोड कापतात. तेवढाच भाग बधिर केला असेल तर रुग्ण टेबलावरच अंगठा वाकवून दाखवू शकतो आणि तर्जनी सुटली की नाही हे तिथेच कळते. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. – संपा.