आपली खोपी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास मी लिहावा, असं संपादक मंडळाने सुचवलं. पहिल्या कमिटीत मी खजिनदार होतो, म्हणून. पण २००० ते २००५ या पहिल्या पाच वर्षांची बरीचशी कागदपत्रं आज आपल्याकडे नाहीत. सभावृत्तांताचं पहिलं पुस्तक नाही, सुरुवातीच्या खर्चाची व्हाउचर्स नाहीत, बागेचा मूळ आराखडा नाही. ती कुठे गेली हे नव्या सभासदांना ठाऊक नाही. जुन्यांना ठाऊक आहे, पण माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही. तेव्हा मीच सांगतो. त्यासाठी मागच्या आवारातल्या खोपीची हकीकत सांगायला हवी.

आजची खोपी ही तिसरी. पहिली २००१ साली उभी राहिली. बाग नुकतीच लावली होती. फावडं, टिकाव, घमेली, झारी ठेवायला जागा हवी होती. सुरूचे चार वासे जमिनीत पुरले, वर बांबू आणि नारळाचे झाप टाकले. खर्च जवळजवळ शून्य. दुसऱ्या पावसाळ्यात ती एका बाजूला कलली. वासे वरून ठणठणीत होते, खालीही बरे होते, पण जमिनीच्या बरोबर पातळीला बोटाने टोकरले जात होते. लाकडाला बुरशी लागायला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही नेमक्या तिथेच भेटतात. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे लाकूड मातीत पुरणं म्हणजे ते कुजायला ठेवणंच.

दुसरी खोपी २००३ सालची. ती पत्र्याची होती आणि तिच्यात माझा हात होता. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ साली लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने घेतलं. हलका, स्वस्त, झटपट बसणारा, म्हणून तो जगभर गेला. कोकणात आजही शेड म्हटलं की आधी पत्राच डोळ्यासमोर येतो. आमच्या गवंड्याने अंदाजपत्रक दिलं त्यात दोन फुटांचा चौथरा होता. मी म्हटलं, फावड्यांना कशाला हवा चौथरा? सहा इंचांचा कोबा पुरे. साडेतीन हजार रुपये वाचले. सभेत टाळ्या मिळाल्या. बँकेत उभं आयुष्य गेलं, खर्च कापला की आपण शहाणे, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच पावसाळ्यात पत्र्याला घाम फुटू लागला. रात्री पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागली की थेंब धरतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. छप्पर गळत नव्हतं, तरी आत सगळं ओलं. कोयते गंजले, खताची पोती दगड झाली. त्यातून समुद्राची खारी हवा. तेव्हा आपल्याला ऑफिस नव्हतं. सोसायटीचे जुने कागद माझ्या घरी अडचण करतात म्हणून मी ते एका लोखंडी ट्रंकेत भरले आणि ती ट्रंक खोपीत नेऊन ठेवली. माळीकाका तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, हितं कागद नका ठेवू. पाणी वरनं येत नाय, खालनं येतंय."

मी हसून सोडून दिलं.

जुलै २००५ चा पाऊस कोकणात कोणी विसरलेलं नाही. मागच्या सड्यावरचं पाणी उतारावरून आलं आणि सहा इंचांचा कोबा ओलांडून आत शिरलं. कोणाच्या घरात पाणी नव्हतं, त्यामुळे खोपीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ऑगस्टमध्ये ऑडिटसाठी ट्रंक उघडली तेव्हा आत कागदांचा एकच लगदा होता आणि वरच्या कोरड्या थराला बुरशी. भागपत्रं आणि नोंदणीचा दाखला सेक्रेटरींच्या कपाटात होते म्हणून वाचलो. माळीकाका शेजारी उभे होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२००६ साली तिसरी खोपी बांधली. या वेळी माळीकाकांना सभेत बोलावलं आणि ते सांगतील तसं केलं. चौथरा दोन फूट. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने याच दगडाला लॅटराइट असं नाव दिलं, विटेच्या लॅटिन नावावरून, कारण जमिनीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. आपल्या गावचा थिबा राजवाडाही जांभ्याचाच. बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा नाही, असं काकांनी बजावलं. चिऱ्यात शिरलेली ओल बाहेर पडायला वाट हवी.

छपराला मंगलोरी कौलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनारपट्टीभर पसरली. कौलांच्या फटींतून हवा खेळते, म्हणून पत्र्यासारखा घाम धरत नाही. पागोळी भिंतीपासून अडीच फूट लांब पडेल एवढं छप्पर बाहेर काढलं. भिंत आणि छपराच्या मध्ये वीतभर मोकळी जागा ठेवून जाळी मारली. पडवीचे खांब घडीव दगडांवर उभे केले, मातीत पुरले नाहीत. वरच्या अंगाला चर खणला, म्हणजे सड्याचं पाणी आधीच वळतं. यात नवीन काहीच नाही. आपल्या आजोबांच्या घरांना चौथरा, पडवी आणि लांब पागोळी का होती, हे आम्हाला दोन खोप्या घालवल्यावर कळलं.

पण नुसतं बांधून भागत नाही. दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण खोपी शाकारतो. कौलं उतरवून शेवाळ खरवडायचं, वानरांनी फोडलेली बदलायची, वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावायचं, चर साफ करायचा. हत्यारं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून खुंटीला टांगायची. खत वेगळ्या कोनाड्यात, फळीवर. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा निम्मी कौलं उडाली. टाळेबंदीत गवंडी मिळेना. आपल्याच पाच-सहा जणांनी मास्क लावून चार दिवसांत छप्पर पुन्हा चढवलं. त्यात दोघं कॉलेजची मुलं होती, त्यांना मी कौल कसं अडकवायचं ते शिकवलं. मी शिकलो होतो माळीकाकांकडून.

काका आता गावी असतात. गेल्या दोन वर्षांत शाकारणीला आम्ही तीनच जण येतो, तिघेही सत्तरीपुढचे. गेल्या सर्वसाधारण सभेत खोपी पाडून दोन गाड्यांचं पार्किंग करावं, असा ठराव आला आणि रौप्यमहोत्सवानंतर निर्णय घ्यायचं ठरलं. गाड्यांना जागा हवी हे मला मान्य आहे. सभेचा जो निर्णय होईल तो मी मानेन. फक्त मतदानापूर्वी प्रत्येकाने जुलैमधल्या एखाद्या धो धो पावसाच्या दिवशी खोपीत जाऊन यावं, भिंतीला हात लावून बघावा. आत कोरडं असतं. एकोणीस वर्षं कोरडं आहे.

आणि ठेवायची ठरलीच, तर येत्या मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता शिडी धरायला दोन तरुण माणसं हवी आहेत. चहा माझ्याकडे.