चौपाटीवरचे विमान किती वेळ वर होते?

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, ते १५०० फूट उंच गेले आणि कोसळले, ही हकिकत आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. एकोणिसाव्या शतकातील प्रबोधन शिकवताना ती हाताशी असली की तास रंगतो. लोह्यातल्या आमच्या वर्गात एका मुलाने वक्तृत्व स्पर्धेसाठी हाच विषय घेतला आणि तयारी करताना विचारले, "पण सर, ते वर किती येळ राहिलं?" गेल्या खरिपात त्याच्या घरच्या सोयाबीनवर ड्रोनने फवारणी झाली होती. दहा-पंधरा मिनिटे झाली की यंत्र बांधावर उतरे, बॅटरी बदलावी लागे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. उडणाऱ्या वस्तूविषयीचा पहिला प्रश्न 'किती वेळ' हाच असतो, हे त्याला आमच्याआधी कळले होते. आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि हा प्रश्न आपल्याला एवढ्या वर्षांत पडला कसा नाही, याची लाज वाटली.

मग आम्ही शोधू लागलो. तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. त्यांचा जन्म १८६४चा, मुंबईचा. संस्कृतचा व्यासंग होता, आर्य समाजाच्या विचारांचा प्रभाव होता. स्वामी दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिके'त नौका-विमानविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांत विमान शोधण्याची प्रेरणा त्या काळी कुठून येत असे, हे त्यावरून समजते. तळपदे यांनी प्रयत्न केला, यावर शंका घेण्याचे कारण नाही. शंका उड्डाणाची आहे. बातमी 'केसरी'त आली होती असे सांगणारे पुष्कळ. अंक आणि तारीख पुढे ठेवणारा आम्हांस भेटलेला नाही. प्रेक्षकांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते असे म्हणतात, परंतु तेही नंतरच्या सांगण्यांतूनच.

या सर्व सांगण्यांत उंची आहे, वेळ नाही. साधा हिशेब करून पाहू. विमान मिनिटाला ३०० फूट चढले असे धरले, तरी १५०० फुटांना पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटे त्याला ढकलणारी शक्ती कोणती? दंतकथा पाऱ्याचे नाव घेते. पारा हे इंधन नव्हे. त्याची वाफ करायची तर उष्णता बाहेरूनच द्यावी लागते.

याच सुमारास जगात इतरत्र काय चालले होते, ते शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो याने १८७१ साली पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान उडवले. ते ११ सेकंद हवेत होते. पंचवीस वर्षांनी, ६ मे १८९६ रोजी, अमेरिकेत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान सुमारे दीड मिनिट उडाले, हजारभर मीटर गेले आणि वाफ संपल्यावर अलगद पाण्यावर उतरले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे हजर होते. त्यांनी छायाचित्र घेतले, साक्षही लिहून प्रसिद्ध केली. १९०३ साली राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते, त्या दिवशीचे सर्वांत लांब ५९ सेकंदांचे. आकडे किती लहान आहेत! आणि ते लहान आहेत म्हणूनच आम्हांस विश्वसनीय वाटतात. दंतकथेला ११ सेकंद सांगायचे कधी सुचणार नाही.

हा वेळ वाढवणे किती कष्टाचे असते, हे रेडिओने चालणाऱ्या विमानांच्या पुढील इतिहासात दिसते. मेनार्ड हिल हे अमेरिकन गृहस्थ सत्त्याहत्तर वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली. ९ ऑगस्ट २००३ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून त्यांचे बाल्सा लाकडाचे विमान निघाले आणि अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरले. वेळ ३८ तास ५२ मिनिटे १९ सेकंद. नियमाप्रमाणे वजन ५ किलोंच्या आत हवे. त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग इंधनाचा, तेही कंदिलात वापरतात तसले. सुरुवातीला आणि शेवटी माणसाने रेडिओवरून हाकले, मधला समुद्र यंत्राने उपग्रहांच्या आधारे स्वतःच पार केला. आधीचे चार प्रयत्न फसले होते आणि त्या फसण्याचीही नोंद आहे. २०२२ साली 'झेफर' हे सूर्यशक्तीवरचे मानवरहित विमान ६४ दिवस वर राहिले, पण त्याची जात वेगळी.

आमच्याकडे नोंद वाढली नाही, कथा वाढली. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार पुष्कळ जण देतात, तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३च्या दरम्यान सांगून लिहवून घेतला, म्हणजे चौपाटीनंतर दोन तपांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तो तपासला. भाषा प्राचीन नाही आणि त्यातील याने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासात शास्त्रींच्या परिवाराकडून मिळालेली एक हकिकत आहे: त्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी नमुने बनवले, पण एकही उडाला नाही. कथेच्या घरातलीच ही साक्ष. ती मात्र कुणी उद्धृत करत नाही. पुढे २०१५ साली 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला आणि मानवरहित विमानात माणूसही बसला.

आम्ही साहित्याचे शिक्षक. कथेचा आम्हांस राग असण्याचे कारण नाही. पुष्पक किती वेळ उडाले हे रामायणाला विचारू नये. तळपदे यांना मात्र विचारावे, कारण तसे विचारणे म्हणजे त्यांना कारागीर म्हणून मान देणे आहे. चिरा बाजारच्या परिसरातला, हाताने काहीतरी जोडणारा, बहुधा अनेकदा फसलेला हा मनुष्य १५०० फुटांच्या एका आकड्याखाली गाडला गेला. त्याचे फसलेले नमुने कसे होते, काय मोडले, पुन्हा काय जोडले, हे कळते तर मराठीत एका खऱ्या प्रयोगाचा इतिहास असता.

मुलाने भाषण नव्याने लिहिले. सुरुवातच ११ सेकंदांपासून केली. उत्तेजनार्थही बक्षीस मिळाले नाही. पहिल्या आलेल्या भाषणात विमान १५०० फूट उंच गेले होते, आणि टाळ्या आम्हीही ऐकल्या.