डोक्यावरून जाणारा उजेड

आमचं गाव चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या वीजघरापासून फार लांब नाही. मी तिसरी-चौथीत असेन. मगरीबची नमाज झाली की दादी राखेनं कंदिलाची काच पुसायला बसायची. आणि आमच्या काजूच्या झाडांवरून लोखंडी मनोरे तारा घेऊन मुंबईकडे निघालेले. पावसात त्या तारांखाली उभं राहिलं की तडतड ऐकू यायची. दादीनं एकदा विचारलं, "काय रे, एवढा उजेड डोक्यावरनं जातोय, थेंबभर खाली कसा सांडत नाही?"

शाळेत जाणारा मी. मला उत्तर आलं नाही. पुढे बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. उत्तर मिळालं ते एका वायरमन मित्राकडून.

तो म्हणाला, तारेतून जितका जास्त प्रवाह, तितकी ती तापते आणि तितकी वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. प्रवाह दुप्पट केला तर नुकसान चौपट. म्हणून दाब वाढवायचा आणि प्रवाह कमी ठेवायचा. लांबचा प्रवास लाखो व्होल्टांनी करायचा, मग उपकेंद्रात रोहित्रांनी टप्प्याटप्प्यानं दाब उतरवायचा. घरात येते ती २३० व्होल्टांची. उपकेंद्र नसेल तर वरून जाणारी वीज खालच्याच्या उपयोगाची नाही.

या प्रवासाची आपल्याकडची मोठी सुरुवात खोपोलीची. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. जहाजातून, आगगाडीतून कोळसा यायचा आणि गिरणगावावर धूर पसरायचा. घाटावर पडणाऱ्या पावसाची वीज करावी, हे स्वप्न जमशेटजी टाटांनी धरलं. ते १९०४ मध्ये वारले. लोणावळा परिसरातल्या तलावांचं पाणी नळांतून खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये वीज तयार झाली आणि एक लाख व्होल्ट दाबानं सुमारे ७० किलोमीटर दूर परळला पोचली. वाघिणी भरून येणाऱ्या कोळशाचं काम आता तारा करू लागल्या.

पण तारेच्या एका टोकाला गिरणी असते, तसं दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी शेत असतं. मुळशीच्या धरणात मावळ्यांची भातखाचरं जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. लढा हरला, धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याहून वीज मुंबईकडे निघाली.

मग आमची कोयना. महाबळेश्वरातून निघून पूर्वेकडे जाणाऱ्या या नदीचं पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीत उतरवलं. १९६२ मध्ये तिथं वीज तयार होऊ लागली. काम झालेलं पाणी वाशिष्ठीला मिळालं आणि वीज मुंबईकडे गेली. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेनं बळ दिलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण सातारा जिल्ह्यातली जी गावं पाण्याखाली गेली, तिथली माणसं पुढची कित्येक दशकं पुनर्वसनासाठी मोर्चे काढत राहिली. त्यांनी पाण्याला जागा दिली, आमच्यासारख्यांनी मनोऱ्यांना.

तेव्हा दादीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर विज्ञानात आहे. उरलेलं अर्धं हिशेबात आहे. उपकेंद्राला, खांबांना, तारांना पैसा लागतो. एका गिरणीसाठी तो लगेच वसूल होतो, चाळीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी होत नाही. वीज कुठून निघाली आणि कुठं पोचली, हे आपण इतिहासात लिहितो. ती कुणाला ओलांडून गेली, हेही लिहायला हवं.

मी दहावीत असताना आमच्या वाडीत डीपी बसली. पडवीत चाळीस वॅटचा बल्ब लागला. दादी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सांडता येत होता."

त्या रात्रीही तिनं कंदिलाची काच पुसली आणि तो कोनाड्यात ठेवला. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तोच कंदील आम्हांला कामी आला.