गाठीमागे एक रुपया : मुंबईच्या बी.डी.डी. चाळी

हुबळी-धारवाडचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यकारभारात होता, हे जुन्या पिढीस सांगावयास नको. या भागातला कापूस मुंबईस जाई. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला, तो कामगारांच्या घरबांधणीस हातभार म्हणून. तेव्हा दाजीबानपेठेतील वाचकाने बी.डी.डी. चाळींकडे अगदीच परक्या नजरेने पाहण्याचे कारण नाही.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, मधून अंधारी वाट, शौचकूप सामाईक आणि खोली अवघी १६० चौरस फुटांची. आखणी करणाऱ्यांनी माणसे मोजली. त्यांचा दिवस कसा जातो, हे पाहिले नाही. भाडे जड, बाजार दूर. ज्यांच्यासाठी बांधल्या ते कामगारच फिरकेनात, आणि कित्येक चाळी ओस राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले! घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंग म्हणून इतकी सहज चालावी, यातच त्या आराखड्याची परीक्षा झाली.

पुढे कोकणातून, घाटावरून माणसे आली आणि त्याच अंधाऱ्या वाटेचे त्यांनी अंगण केले. धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास, रात्रीची निजानीज, सारे तेथेच. दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत गणेशोत्सव, आंबेडकर जयंती आणि कबड्डीचे सामने रंगू लागले. या शेजारधर्माचे गोडवे मात्र बेताने गावेत. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच वरळीत दंगल पेटली आणि चाळ चाळीवर उठली. भिंत सामाईक असल्याने जात सुटली नव्हती.

आता त्या जागी मनोरे उठत आहेत. मजल्यावरची ती लांब वाट त्यांत नाही, आणि तिची हळहळ पुष्कळांना वाटते. परंतु १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांतील स्त्रियांना पहाटे सामाईक शौचकुपापुढे रांग धरावी लागत नाही.