नवा पोप आणि लोकांची आशा : १८४६ आणि १९५८

८ मे २०२५ रोजी सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि चौदावे लिओ पोप झाले. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यांच्याकडून काय काय हवं आहे याच्या कितीतरी याद्या आपल्या वाचनात आल्या. कुणाला युद्धं थांबायला हवी होती, कुणाला चर्चच्या कारभारात स्त्रियांना जास्त जागा हवी होती, तर कुणाला जुनी लॅटिन मिस्सा पुन्हा मोकळेपणानं व्हायला हवी होती. म्हणजे एकाच चर्चमध्ये शेजारी-शेजारी गुडघे टेकलेली दोन माणसं एकाच पोपसाठी प्रार्थना करतात, आणि दोघांची मागणी एकमेकांच्या अगदी उलट असते. मग नव्या पोपसाठी प्रार्थना करणं म्हणजे नेमकं काय करणं? हा प्रश्न आज आपण दोन जुन्या निवडणुकांच्या आधारानं समजून घेऊ. एक १८४६ ची, दुसरी १९५८ ची.

त्याआधी एक छोटी गोष्ट ध्यानात घेऊ. कॅथलिक मिस्सेत पोपचं नाव घेऊन प्रार्थना केली जाते. पोप वारले की ते नाव गळतं. नवे पोप निवडले गेले की नवं नाव येतं. काल-परवापर्यंत जे नाव गावात कुणी ऐकलंही नव्हतं, ते लिमापासून वसईपर्यंत सगळीकडे घेतलं जातं. या प्रार्थनेत मागण्यांची यादी नसते. या माणसाला सांभाळ आणि चर्चला एकत्र ठेव, एवढाच तिचा आशय. लोकांच्या मनातली प्रार्थना मात्र तेवढ्यावर थांबत नाही, आणि आपला इतिहास तिथूनच सुरू होतो.

१ जून १८४६ रोजी सोळावे ग्रेगरी वारले. त्या काळी पोप हे धर्मगुरू तर होतेच, पण मध्य इटलीच्या मोठ्या पट्ट्याचे राजेही होते. ग्रेगरींचं राज्य कडक होतं. राजकीय कैद्यांनी तुरुंग भरले होते, छापखान्यांवर पहारा होता. आगगाडीला तर त्यांनी आपल्या हद्दीत येऊच दिलं नव्हतं. उत्तर इटलीत ऑस्ट्रियाचं लष्कर ठाण मांडून होतं. अशा वेळी अवघ्या दोन दिवसांत, १६ जूनला, इमोलाचे बिशप जोव्हान्नी मारिया मास्ताई-फेर्रेत्ती निवडून आले. वय ५४. त्यांनी नाव घेतलं नववे पायस.

बरोबर एका महिन्यानं त्यांनी राजकीय कैद्यांना माफी जाहीर केली. रोममध्ये माणसं मशाली घेऊन क्विरिनाल राजवाड्यापुढे जमली आणि आशीर्वादासाठी त्यांना पुन्हा पुन्हा सज्जात बोलावू लागली. त्यांच्या बग्गीचे घोडे सोडून लोकांनी ती स्वतः ओढली. पुढच्या दोन वर्षांत छापखान्यांवरचा पहारा ढिला झाला, नागरिकांचं रक्षक दल उभं राहिलं, मार्च १८४८ मध्ये राज्यघटना आली. एप्रिलमध्ये रोमच्या यहुदी वस्तीभोवतालच्या भिंती पाडायला सुरुवात झाली. हे सगळं खरं होतं, नुसती हूल नव्हती.

पण लोकांनी या माणसात आणखी कितीतरी पाहिलं. जोबेर्ती नावाच्या तत्त्वज्ञ धर्मगुरूनं १८४३ मध्येच एका ग्रंथात मांडलं होतं की इटलीतल्या राज्यांचा संघ व्हावा आणि पोप त्याचे अध्यक्ष असावेत. वाचकांना वाटलं, ग्रंथातला पोप हाच. मॅझिनी तर राजसत्तेचा कट्टर वैरी. त्यांनीही १८४७ च्या सप्टेंबरात लंडनहून खुलं पत्र लिहून इटली एक करण्याची हाक या पोपना घातली. त्याच वर्षी गॅरिबाल्डींनी दक्षिण अमेरिकेतून आपली तलवार त्यांच्या सेवेला देऊ केली. पुढे हेच गॅरिबाल्डी पोपसत्तेचे कडवे शत्रू झाले, हे आपल्याला माहीत आहे.

१० फेब्रुवारी १८४८ रोजी पायस यांनी एका जाहीरनाम्यात इटलीवर देवाचा आशीर्वाद मागितला. बोलणाऱ्याच्या मनात शांततेची विनवणी होती. ऐकणाऱ्यांच्या कानात मात्र ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धाचा शंख वाजला. प्रार्थना एकच, अर्थ दोन! मार्चमध्ये उत्तरेत खरोखरच युद्ध पेटलं आणि अर्थांचा हा घोटाळा मिटवणं भाग पडलं. २९ एप्रिलला पोपनी कार्डिनलांसमोर सांगितलं की आपण ऑस्ट्रियाशी युद्ध करणार नाही, कारण सगळ्या राष्ट्रांवर आपली सारखीच पित्याची माया आहे.

इथे आपण थोडं थांबू. पायस यांनी दगा दिला, असं त्या काळच्या देशभक्तांना वाटलं. आजही काही पुस्तकांत तेच वाचायला मिळतं. पण अडचण एका माणसाच्या धैर्यापेक्षा खोल होती. इटलीतला एक राजा म्हणून त्यांनी सैन्य पाठवावं, ही मागणी रास्त होती. व्हिएन्नातल्या कॅथलिक आईचाही मुलगा त्या सैन्याच्या गोळीनं मरणार होता, आणि तिच्याही मिस्सेत याच पोपचं नाव घेतलं जात होतं, हेही तितकंच खरं होतं. राजमुकुट आणि धर्मपीठ एकाच डोक्यावर आले होते. लोकांनी राजाकडे मागितलं, उत्तर मात्र धर्मपित्याकडून आलं.

पुढचा भाग झरझर सांगतो. १५ नोव्हेंबरला पोपचे मंत्री रोस्सी यांचा भरदिवसा खून झाला. २४ तारखेला पोप साध्या पाद्र्याच्या वेषात रोममधून निसटले आणि गाएताला पोहोचले. फेब्रुवारी १८४९ मध्ये रोमन प्रजासत्ताक जाहीर झालं, ते फ्रेंच तोफांनी मोडलं, आणि १८५० च्या एप्रिलमध्ये पोप परतले ते वेगळेच होऊन. १८६४ मध्ये त्यांनी ‘आधुनिक चुकां’ची यादी प्रसिद्ध केली. पोपनी प्रगतीशी आणि उदारमतवादाशी जुळवून घ्यावं, हे म्हणणंच त्या यादीत चूक ठरवलं होतं. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं आणि पोपचं राज्य संपलं. पायस १८७८ मध्ये वारले. १८८१ च्या जुलैत एका रात्री त्यांची शवपेटी सान लोरेन्झोच्या बॅसिलिकेकडे नेली जात होती, तेव्हा रोमच्याच जमावानं ती टायबर नदीत फेकायचा प्रयत्न केला. ज्या गावानं बग्गी खांद्यावर घेतली होती, त्याच गावानं.

आता दुसरी निवडणूक. ९ ऑक्टोबर १९५८ रोजी बारावे पायस वारले. कॉन्क्लेव्हमध्ये ५१ कार्डिनल बसले. त्यांत आपल्या मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशिअस होते, भारताचे पहिले कार्डिनल. अकराव्या फेरीत, २८ ऑक्टोबरला, व्हेनिसचे अँजेलो रोंकाल्ली निवडून आले. शेतकरी घरातला माणूस. सत्त्याहत्तरावं वर्ष पुरं व्हायला जेमतेम महिना उरलेला. जाणकारांचा हिशेब सोपा होता : कार्डिनलांचं एकमत होईना, म्हणून वयस्कर माणूस बसवला आहे, चार वर्षं गाडा ओढेल, मग बघू. लोकांना ते आवडले. पण कुणी मशाली पेटवल्या नाहीत की त्यांच्यापुढे मागण्यांची यादी ठेवली नाही.

आणि तीन महिनेही झाले नव्हते, तोच २५ जानेवारी १९५९ रोजी या तेविसाव्या जॉन यांनी रोमच्या सेंट पॉल बॅसिलिकेत जमलेल्या कार्डिनलांना सांगितलं की आपण चर्चची सार्वत्रिक परिषद बोलावणार आहोत. कार्डिनल गप्प राहिले. मग पोपनी वेगळीच गोष्ट केली. त्यांनी जगभरच्या कॅथलिकांना या परिषदेसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला, तसं आपल्या काळात पुन्हा घडू दे, असा त्या प्रार्थनेचा भाव होता. १८४६ मध्ये लोकांनी आपली प्रार्थना पोपच्या तोंडी घातली होती. इथे पोपनीच लोकांच्या हाती प्रार्थना दिली, आणि तिच्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही.

११ ऑक्टोबर १९६२ ला परिषद उघडली तेव्हा दोन हजारांहून अधिक बिशप आले होते. जॉन यांना तिचं एकच सत्र पाहता आलं. ३ जून १९६३ रोजी ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेनं उपासनेत लोकभाषा वापरायला वाट मोकळी करून दिली. त्यानंतर वसईच्या गावांतून मिस्सा मराठीत होऊ लागली. आपल्या आजीला कळेल अशा भाषेत मिस्सा व्हावी म्हणून १९५८ च्या पांढऱ्या धुराकडे पाहणारं वसईत कुणी असेल, असं आम्हाला वाटत नाही. मागितलं नव्हतं, तरी मिळालं.

पण चित्र फार गोडही करू नये. जॉन यांनी १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली होती. त्यातून अपेक्षा वाढत गेल्या, आणि १९६८ मध्ये सहावे पॉल यांनी कृत्रिम साधनांना नकार दिला, तेव्हा अनेक श्रद्धावान कुटुंबं मनातून दुखावली. एकानं जागवलेल्या आशेचा हिशेब पुढच्याला चुकता करावा लागला.

मग यातून आपण काय घ्यायचं? मागणी करू नये, असं नाही. रोमच्या तुरुंगातल्या कैद्याच्या आईनं सुटका मागितली, त्यात काय चुकलं? ती सुटका तर झालीच. गॅब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञानं एक उपयोगी भेद केला आहे. ‘अमुक व्हावं’ अशी आशा धरणं वेगळं आणि ‘कुणावर तरी’ आशा ठेवणं वेगळं. पहिलीला आपण अपेक्षा म्हणू. ती तारीख मागते, आणि तारीख चुकली की रागावते. दुसरी नात्यावर उभी असते, म्हणून नकार ऐकूनही ती उठून जात नाही. १८४६ ची गर्दी पहिल्या प्रकारची होती. तिचं प्रेम खरं होतं, पण ते तिनंच रंगवलेल्या चित्रावर होतं. समोरच्या माणसाकडे नीट पाहायला तिला सवड झाली नाही.

आमच्या मते मिस्सेतल्या त्या साध्या प्रार्थनेचं महत्त्व इथेच आहे. ती पोपना आपल्या मनासारखं कर म्हणत नाही, त्यांना सांभाळ म्हणते. १३ मार्च २०१३ रोजी फ्रान्सिस सज्जात आले, तेव्हा आशीर्वाद देण्याआधी लोकांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून ते मान लववून उभे राहिले. चौक शांत झाला. त्या शांततेत कुणी किती मागितलं ते देवाला ठाऊक, पण तेवढ्या वेळात चौकाला समोरचा माणूस दिसला असावा.

शेवटी एकच नोंद. जॉन यांना नववे पायस यांच्याविषयी मनापासून आदर होता. त्यांना संतपद देण्याचा सोहळा आपल्या हातून व्हावा, ही इच्छा त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवली होती. तो योग आला नाही. मात्र ३ सप्टेंबर २००० रोजी दुसरे जॉन पॉल यांनी दोघांनाही एकाच दिवशी ‘धन्य’ घोषित केलं. त्या दिवशी बरेच जण एकाच्या नावानं टाळ्या वाजवत होते आणि दुसऱ्याच्या नावाला नाक मुरडत होते. चर्चनं मात्र दोघांची नावं एका श्वासात घेतली. चौदाव्या लिओंविषयी आपली यादी करताना हे जमलं तर पाहावं.