फ्रीजचं आजोळ

मराठी मध्यमवर्गीय घरात फ्रीज म्हणजे अत्यंत सोवळं यंत्र. त्यात कालची आमटी असते, विरजण असतं, आणि झाकण ठेवलेल्या एका वाटीत असं काहीतरी असतं, की ज्याचा उलगडा फक्त गृहिणीलाच व्हावा. असा हा सात्त्विक प्राणी लहानाचा मोठा झाला तो मात्र बियरच्या कारखान्यात. ऐकून धक्का बसला असेल, तर घोटभर गार पाणी प्या. तेही तिथलीच देणगी आहे.

मला या भानगडीचा पत्ता लागला तो अमेरिकेत. कोलोरॅडोतल्या माझ्या भाच्याने एक डीप फ्रीजर विकत आणला. आपल्याकडे आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, आडवा, वरून झाकण उघडणारा. तो पाहून आमच्या सौ.ना भरून आलं.

"वर्षाचे मटार मावतील रे यात!"

"मामी, यात बियर राहणार आहे. नळाची," भाचा म्हणाला आणि त्याने झाकणाचे स्क्रू काढायला सुरुवात केली. कोऱ्या करकरीत वस्तूचे स्क्रू गॅरंटी संपायच्या आत काढणारा माणूस आमच्या घराण्यात जन्माला यावा, याचं मला नवल वाटलं.

पुढचे दोन दिवस मी स्टुलावर बसून देखरेख केली. झाकण काढून त्याने फ्रीजरच्या काठावर फळ्यांची एक चौकट बसवली आणि झाकण त्या चौकटीवर ठेवलं. नळ बसवायचे ते या लाकडात.

"त्यापेक्षा सरळ फ्रीजरलाच भोकं पाड की," मी म्हटलं.

"मामा, त्याच्या भिंतींच्या आत गारव्याच्या नळ्या आहेत. एका नळीला ड्रिल लागलं, की याचं कपाट झालं समज."

आता फ्रीजर मूळचा उणे १८ अंशांचा. त्या थंडीत बियरचा दगड व्हायचा. म्हणून फ्रीजरची वायर भिंतीत न खुपसता एका छोट्या डबीत खुपसायची आणि डबीची तार आत सोडायची. आत तीन-चार अंश झाले की डबी वीज तोडते. ऊब वाढली की पुन्हा जोडते. टोकाला जाणाऱ्या माणसाला वेळीच 'पुरे आता' म्हणणारी बायको मिळावी, तसंच हे. मग आत स्टीलची उंच पिंपं, प्रत्येक ५ गॅलनचं, म्हणजे सुमारे १९ लिटरचं. शेजारी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. हा गॅस बियरमध्ये विरतो आणि तिला नळापर्यंत ढकलतोही. मधली नळी मुद्दाम चांगली दोन-तीन मीटर ठेवायची. आखूड केली तर पेल्यात नुसता फेस, एखाद्या अध्यक्षीय भाषणासारखा.

रात्री भाच्याची पुस्तकं चाळली तेव्हा ध्यानात आलं, की त्या पेटीत जमलेली ही सगळी मंडळी एकमेकांची नातेवाईक आहेत आणि सगळ्यांचं आजोळ एकच आहे.

पहिला फ्रीजर. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली आज्ञा निघाली, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बियर करायची नाही. उन्हाळ्यात ती नासायची. ही बंदी थेट १८५० सालापर्यंत टिकली. त्यानंतरही कारखानदार हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ तोडून तळघरं भरत. हिवाळा उबदार गेला की डोक्याला हात लावत. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमधले प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी १८७०-७१ साली यंत्राने गारवा कसा करावा यावर लेख लिहिले. प्राध्यापकांचे लेख सहसा कोणी वाचत नाही; हे बियरवाल्यांनी वाचले. १८७३ साली लिंडेंचं यंत्र म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात लागलं. १८७९ साली प्राध्यापकांनी चक्क कायमची नोकरी सोडून बर्फयंत्रांची कंपनी काढली. मटारांची पाळी खूप नंतरची.

दुसरा गॅस. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला गेले. घराशेजारी बियरचा कारखाना. दुसरा धर्मोपदेशक असता तर त्याने घर बदललं असतं. प्रीस्टली पिंपांवर तरंगणारी हवा हुंगत उभे राहिले, ती पाण्यात मिसळून पाहिली, आणि १७७२ साली त्याची कृती छापली. आपला सोडा तो हाच.

तिसरी पिंपं. ती सोड्याच्या घरची, कोलावाल्यांची. पुढे कोलाचा अर्क पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशवीतून येऊ लागला. पिंपं मोडीच्या भावात निघाली आणि घरी बियर करणाऱ्यांनी ती उचलली.

पण हे घरी करणं तरी सोपं होतं का? अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली आणि १९३३ साली गेली. जाताना घरगुती वाइनला मोकळीक मिळाली. बियर तेवढी राहून गेली. ती राहिलेली गोष्ट दुरुस्त व्हायला ४५ वर्षं लागली. सरकारी कामाचा वेग सगळीकडे सारखाच, हे पाहून बरं वाटलं. १९७८ च्या ऑक्टोबरात जिमी कार्टर यांनी सही केली: माणशी वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. कार्टर मूळचे शेंगदाण्याचे शेतकरी. शेंगदाणेवाल्यानेच बियर मोकळी करावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. तरीही राज्याराज्यांचे कायदे वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ साली होकार दिला.

याची गरज किती होती पाहा. १९७० च्या दशकाच्या शेवटी एवढ्या अवाढव्य देशात बियरच्या कंपन्या शंभराच्या आत आल्या होत्या, आणि बहुतेकांची चव एकच. गोडा मसाला घरोघरी करायला बंदी घालून सगळ्या महाराष्ट्राने चारच कंपन्यांची पाकिटं खायची, असं झालं असतं तर? दोन पिढ्यांत आजीच्या हाताची चव आठवणारं कोणी उरलं नसतं. ती चव तिथे गॅरेजमधल्या खटपट्या लोकांनी परत आणली. केन ग्रॉसमन हा असाच घरी बियर करणारा. त्याने दूधडेअरीची जुनी भांडी जमवून १९८० साली कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा हा कारखाना उभा केला. आज त्या देशात असे लहानमोठे कारखाने हजारोंनी आहेत.

आपल्याकडे कोणी हा लेख वाचून स्क्रू-ड्रायव्हर शोधू नये. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा शाबूत आहे, आणि मटारही आहेतच. एवढंच करावं: मध्यरात्री आपला सोवळा फ्रीज उगाचच गुरगुरला, तर लगेच मेकॅनिकला फोन करू नये. आजोळची आठवण आली असेल बिचाऱ्याला.